रात्रपाळीचा पक्षी आणि त्याचा राखणदार



पक्ष्यांविषयी बोलण्यास एका कामगार कार्यकर्त्याला उभे केलेले पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल, आणि ते वाटणे रास्त आहे. मी पक्षिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात व कारखान्यांच्या दारांत पुष्कळ झाले. परंतु काम म्हणजे काय, ते कोण करतो, त्याची नोंद कोण ठेवतो आणि करणारा निघून गेल्यावर त्या कामाचे पुढे काय होते, या चार प्रश्नांत माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. डेव्हिड विंगेट या समुद्रपक्षिशास्त्रज्ञाच्या आयुष्याची हकिगत वाचताना हेच चार प्रश्न मला जागोजाग भेटले. म्हणून ती हकिगत मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

समुद्रपक्षी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुरव येतात. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमागे थंडीच्या दिवसांत त्यांचा थवा उडत असतो आणि उतारू त्यांना खाऊ फेकतात. पण कुरव हा किनाऱ्याचा रहिवासी. मी ज्या पक्ष्यांविषयी बोलणार आहे ते खऱ्या अर्थाने दर्यावर्दी आहेत. पेट्रेल हे त्यांच्या कुळाचे नाव. वर्षाचे कित्येक महिने ते जमिनीला पायसुद्धा लावीत नाहीत. लाटांवर विसावतात, खारे पाणी पितात आणि शरीरातले जादा मीठ डोक्यातल्या ग्रंथींतून नाकावाटे टाकून देतात. चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असणे ही त्या सबंध कुळाची खूण. पावसाळ्यात वादळ झाले की थकलेला एखादा दूरचा समुद्रपक्षी आपल्या कोकणच्या वाळूतही येऊन पडतो, आणि गावकरी 'हे कोण पाखरू' म्हणून त्याच्याभोवती जमतात. दर्यावर्दी पक्ष्यांशी आपली ओळख बहुधा एवढीच.

अशा पक्ष्याला जमीन लागते ती एकाच कामासाठी, ते म्हणजे अंडे घालण्यासाठी. त्याच्या आयुष्यातला नाजूक काळ तोच. समुद्रावर त्याला कोणी सहसा गाठू शकत नाही. जमिनीवर मात्र त्याला नीट चालताही येत नाही. म्हणून तो काळोख पडल्यावर येतो, बिळात शिरतो आणि उजाडण्यापूर्वी निघून जातो. जन्मभर रात्रपाळी करणारा हा पक्षी आहे असे म्हटले तरी चालेल.

आता बर्म्युडाकडे वळू. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना प्रांतापासून सुमारे एक हजार किलोमीटर दूर, अटलांटिक महासागराच्या मध्यात ही बेटे आहेत. सगळी मिळून जमीन पन्नास चौरस किलोमीटरच्या थोडी वर. या बेटांवर एका जातीचे पेट्रेल पक्षी एके काळी लाखांनी घरटी करीत. त्यांच्या रात्रीच्या ओरडण्यावरून लोकांनी त्यांना 'कहाव' हे नाव दिले. तो आवाज ऐकून जुने खलाशी इतके भ्याले की त्यांनी बर्म्युडाला सैतानांची बेटे ठरवून टाकले. स्पॅनिश गलबतांतून डुकरे या बेटांवर उतरली आणि त्यांनी मातीतली बिळे उकरली. १६०९ मध्ये 'सी व्हेंचर' नावाचे इंग्रजी जहाज तेथे खडकावर चढले आणि त्यातून वाचलेली माणसे त्या बेटावर राहिली. पुढे वसाहत झाली, धान्याबरोबर उंदीर आले, आणि १६१४-१५ च्या दुष्काळात उपाशी वसाहतवाल्यांनी हे पक्षी हातांनी धरून धरून खाल्ले. पक्षी माणसाला भीत नव्हता. भिण्याचा प्रसंग त्याच्यावर पूर्वी आलाच नव्हता.

त्यानंतर लवकरच गव्हर्नराने फर्मान काढले की, कहावची अशी नासाडी करू नये. निसर्गरक्षणाच्या जगातल्या जुन्या कायद्यांत या फर्मानाची गणना होते. पण फर्मान निघाले तेव्हा पक्षी जवळजवळ संपलेलाच होता, आणि उरलेल्यांवर नजर ठेवायला माणूस नेमलेला नव्हता. श्रोतेहो, कायदा पुस्तकात असणे आणि कायद्याची अंमलबजावणी करणारा निरीक्षक दारात उभा असणे यांतला फरक कामगारांना सांगावा लागत नाही. १६२० नंतरच्या काळात कहाव दिसेनासा झाला, आणि जगाने तो नामशेष झाला असे धरले. मध्ये तीन शतके गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एखाददुसरा मेलेला पक्षी सापडला आणि अभ्यासकांच्या मनात शंका उभी राहिली की, कोठेतरी हे बीज शिल्लक असावे.

१९५१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कचे समुद्रपक्षितज्ज्ञ रॉबर्ट कुशमन मर्फी आणि बर्म्युडाचे लुई मोब्रे यांनी बंदराच्या तोंडाशी असलेले उघडे खडक धुंडाळले. खडकाच्या खोल कपारीतून त्यांनी एक पक्षी ओढून काढला. तो कहाव होता. त्या सफरीत त्यांनी एका पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलालाही बरोबर घेतले होते, कारण बेटावर पक्ष्यांच्या वेडासाठी तो प्रसिद्ध होता. तो मुलगा म्हणजे डेव्हिड विंगेट.

या शोधाची बातमी जगभर पसरली. तीनशे वर्षे मेलेला समजलेला पक्षी जिवंत सापडला, यापेक्षा मोठी बातमी ती कोणती? पण मला जे सांगायचे आहे ते बातमीच्या पुढचे आहे. शोध एका दिवसात लागला. पक्षी त्या दिवशी वाचला नव्हता; तो अजून जिवंत आहे एवढेच त्या दिवशी कळले. त्याला वाचविण्याचे काम त्यानंतर पन्नास वर्षे चालले, आणि त्या पन्नास वर्षांची बातमी क्वचितच झाली.

मुलगा मोठा झाला, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकला आणि परत आपल्या बेटावर आला. १९५८ पासून त्यांनी कहावच्या प्रत्येक ज्ञात बिळाची नोंद ठेवण्यास आरंभ केला. शोधता शोधता १९६० च्या दशकाच्या आरंभी हिशेब लागला तो असा: जगात घरटी करणाऱ्या कहावच्या जोड्या अठरा, आणि वर्षाकाठी उडून जाणारी पिल्ले सात-आठ.

या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. कहावची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. ते जानेवारीत घातले जाते. नर आणि मादी आळीपाळीने उबवतात. एकाची पाळी कित्येक दिवस चालते, आणि तेवढ्यात दुसरा दूर समुद्रावर पोट भरून येतो. सुमारे साडेसात आठवड्यांनी, मार्चच्या आसपास, पिल्लू बाहेर येते. मग तीन महिने आईबाप रात्री येऊन त्याला भरवतात. अलीकडे पक्ष्यांच्या पायाला बांधलेल्या लहान यंत्रांवरून दिसून आले आहे की, या चाऱ्यासाठी ते हजारो किलोमीटरांच्या फेऱ्या मारतात. जूनच्या सुमारास पिल्लू एकटेच रात्री बिळाबाहेर येते, पंख झाडून पाहते, आणि एके रात्री समुद्राकडे निघून जाते. ते परत येते तीन ते पाच वर्षांनी. जेथून उडाले त्याच जागी परत यायचे, हा त्याचा बाणा.

म्हणजे आज केलेल्या कामाचे फळ दिसायला निदान पाच वर्षे. यंदा एखादी चूक झाली तर तीही पाच वर्षांनीच कळायची. असे काम हौसेने एक मोसम करून भागत नाही. बिळे तपासायला माणूस दर वर्षी हवा. खडकावर उतरायला लाट शांत हवी. ती नसली तर तो होडीत वाट पाहतो. उतरल्यावर पोटावर पडून बिळात विजेरीचा झोत टाकायचा, अंडे आहे का पाहायचे, पिल्लाचे वजन घ्यायचे, पायात कडी घालायची आणि वहीत लिहायचे. पुढच्या बिळाकडे जायचे. समुद्रपक्षिशास्त्रज्ञाचे आयुष्य म्हणजे बहुतांशी ही हजेरी. आपल्याकडे मस्टर भरणाऱ्या कारकुनाला कोणी हार घालीत नाही. पण बोनसाचा वाद कोर्टात उभा राहिला की पहिली मागणी त्या मस्टरचीच होते.

ही बिळे तपासताना एक कटकट ध्यानात आली. बर्म्युडात दुसरा एक सुंदर पांढरा समुद्रपक्षी आहे. शेपटीच्या लांब पिसांमुळे तेथील लोक त्याला लांबशेपट्या म्हणतात. तो मार्चमध्ये घरट्याच्या शोधात येतो. मूळचा कहाव मातीत बीळ करीत असे, लांबशेपट्या खडकाच्या कपारीत. दोघांचे भांडण नव्हते. पण मातीची बेटे डुकरांनी, उंदरांनी आणि माणसांनी घेतल्यावर उरलेले मूठभर कहाव खडकाच्या कपारींत जाऊन राहिले. ती जागा लांबशेपट्याची. तो यायचा, कपारीत एकटे असलेले कहावचे पिल्लू मारायचा आणि तेथे आपले अंडे घालायचा.

अशा वेळी घाईचा माणूस बंदूक काढतो. लांबशेपटे मारले असते तर प्रश्न सुटला असता असे वाटेल. पण लांबशेपट्याही बर्म्युडाचाच. त्याचा गुन्हा एवढाच की दोघांना पुरेल इतकी जागा उरली नव्हती. मालकाने जागा कमी केली की दोन कामगार एकमेकांच्या उरावर बसतात, हे आपण नेहमी पाहतो. येथे उपाय निघाला तो लाकडी फळीचा. बिळाच्या तोंडावर फळी बसवायची आणि तिला असे भोक पाडायचे की ज्यातून कहाव आत जाईल, पण अंगाने थोडा भरदार असलेला लांबशेपट्या जाणार नाही. दोन पक्ष्यांच्या अंगलटीत फरक फार थोडा, म्हणून भोकाचे माप केसभरही चुकून चालत नाही. मोठे झाले तर पिल्लू मरते, लहान झाले तर कहाव स्वतःच बाहेर राहतो. ही कल्पना १९५० च्या दशकात निघाली. तिचे माप बसवून प्रत्येक बिळाला ती फळी लावण्याचे आणि दर वर्षी तपासण्याचे काम विंगेट यांनी केले. फळ्या बसल्यावर पिल्लांची ही हत्या जवळजवळ थांबली.

मग त्यांनी नवी घरे बांधायला घेतली. कुदळीने खडक फोडायचा, सिमेंटचा वाकडा बोगदा करायचा, म्हणजे आत उजेड पोचत नाही; टोकाला लहानशी खोली आणि तिच्यावर उघडता येणारे झाकण. सिमेंट, वाळू आणि गोडे पाणी, सारे होडीतून न्यायचे. घर बांधून झाले म्हणजे भाडेकरू येईलच असे नाही. कित्येक घरे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. पुढे लांबशेपट्यांसाठीही कृत्रिम घरटी करण्यात आली. एकाला हाकलायचे तर त्याची दुसरीकडे सोय लावली पाहिजे, हा त्यातला न्याय मला फार आवडला.

इतके होऊनही १९६० च्या दशकात वहीतले आकडे बिघडू लागले. जोड्या तेवढ्याच, अंडी तेवढीच, पण जगणारी पिल्ले वर्षागणिक कमी. उंदीर नव्हते, लांबशेपट्या आत जात नव्हता. मग पिल्ले मरत कशाने होती? चार्ल्स वुर्स्टर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने बर्म्युडातून न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्ले मागविली. त्यांत डीडीटीचे अंश सापडले. सरासरी दहा लाख भागांत साडेसहाच्या आसपास.

डीडीटीचे नाव आपल्याला परके नाही. १९५३ मध्ये आपल्या देशात हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, घरोघर भिंतींवर ही पूड फवारली गेली आणि असंख्य गरिबांचे प्राण वाचले. त्या फवारणीला मी नावे ठेवणार नाही. पण हेच औषध शेतांवर आणि रानांवर विमानांतून अफाट प्रमाणात ओतले जात होते. ते नदीनाल्यांतून आणि वाऱ्याबरोबर समुद्रात गेले. सूक्ष्म जीवांत, त्यांना खाणाऱ्या माशांत, आणि माशांना खाणाऱ्या पक्ष्यांत साठत गेले. वरच्या पायरीवर बसलेल्याच्या अंगात सर्वांत जास्त. कहाव फवारलेल्या शेताच्या जवळपास कधी फिरकत नाही. तो उघड्या समुद्रावर चरतो. तरी विष त्याच्या अंड्यात पोचले होते. समुद्राला कुंपण नसते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा काय हवा?

१९६८ मध्ये वुर्स्टर आणि विंगेट यांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांनी दाखविले की, दहा वर्षांत पिल्ले जगण्याचे प्रमाण दर वर्षी सव्वातीन टक्क्यांनी घसरत आहे, आणि घसरण अशीच राहिली तर १९७८ पर्यंत एकही पिल्लू जगणार नाही. याला डीडीटी हेच बहुधा मोठे कारण असावे, असे त्यांनी लिहिले. त्यातला 'बहुधा' हा शब्द मला मोलाचा वाटतो. पुराव्याच्या पुढे एक पाऊलही टाकायचे नाही, ही शिस्त त्या शब्दात आहे. अमेरिकेत डीडीटीविरुद्ध जो पुरावा जमत गेला त्यात या निबंधाचीही भर होती. १९७२ मध्ये त्या देशाने शेतीवरील डीडीटीचा वापर बंद केला. कहावच्या पिल्लांचे प्रमाण त्यानंतर हळूहळू सुधारत गेले.

आता विचार करा. हा सव्वातीन टक्क्यांचा आकडा आला कोठून? प्रयोगशाळेने विष सापडल्याचे सांगितले. पण पिल्ले कमी होत आहेत हे सांगितले ते त्या खडकांवरच्या वहीने. १९५८ पासून एकही वर्ष न चुकता कोणी मोजले नसते तर घसरण दिसलीच नसती. मला एक प्रसंग आठवतो. एका कारखान्यात हवेतल्या भुकटीने कामगारांना खोकला जडतो अशी आमची तक्रार होती, आणि व्यवस्थापन ती हसण्यावारी नेई. त्या खात्यातल्या एका वयस्क कामगाराने कोणाला न सांगता दोन वर्षे एका शाळकरी वहीत रोजचे खाडे लिहून ठेवले होते: कोण, किती दिवस, कशाने. ती वही टेबलावर ठेवल्यावर बोलण्याची भाषा बदलली. भाषणे आम्ही पुष्कळ केली होती. काम त्या वहीने केले.

येथपर्यंत मी शास्त्रज्ञाविषयी बोललो. पण विंगेट आधी पक्षिवेडे होते आणि मग शास्त्रज्ञ झाले. पक्षी पाहणे हा जगभर लाखो लोकांचा छंद आहे. दुर्बीण गळ्यात घालून पहाटे निघायचे, दिसलेल्या जातींची यादी करायची, आणि कधी न पाहिलेला पक्षी दिसला तर आठवडाभर आनंदात राहायचे. महासागराच्या मध्यावरच्या बर्म्युडात वादळाने भरकटलेले नाना देशांचे पक्षी उतरतात. छंदिष्टाला ते बेट म्हणजे पर्वणी. विंगेट यांनी तरुणपणीच, १९५९ मध्ये, तेथील पक्ष्यांची व इतर प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. या छंदानेच त्यांचा डोळा तयार झाला. पण छंद आणि जबाबदारी यांची एक दिवस गाठ पडतेच.

१९८७ मध्ये उत्तरेच्या हिमप्रदेशातले पांढरे घुबड भरकटत बर्म्युडात आले. असा पाहुणा तेथे आयुष्यात एखाद्या वेळी दिसायचा; पक्षिनिरीक्षकाला तो पाहून धन्यता वाटावी. ते घुबड कहावच्या खडकांवर जाऊन बसले आणि रात्री येणारे कहाव मारू लागले. पाच कहाव गेले. एवढ्याशा जातीला पाच जिवांचा घाव लहान नव्हता. विंगेट यांनी ते घुबड गोळी घालून मारले.

ही गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो, आणि तो वाटला पाहिजे. लांबशेपट्याच्या वेळी बंदूक नको म्हणणारा मी येथे बंदुकीची बाजू कशी घेतो? फरक असा आहे की, लांबशेपट्यासाठी फळी होती. घुबडासाठी फळी नव्हती आणि वाट पाहायला वेळही नव्हता. दुसरा मार्ग असेपर्यंत तो शोधायचा, आणि तो संपल्यावर निर्णयाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर टाकायचे नाही, हे राखणदाराचे काम. ज्याला घुबडही प्रिय आहे त्यानेच हे करावे लागते, यातले दुःख आपण समजून घेतले पाहिजे.

आता त्यांच्या सर्वांत लांबच्या कामाकडे येतो. कहाव ज्या उघड्या खडकांवर तग धरून होता ते त्याचे खरे घर नव्हे. खडक लहान, ठिसूळ, लाटांच्या माऱ्यातले. त्याला माती हवी, झाडांची सावली हवी, उंदीर-डुकरांपासून सुटका हवी. त्या खडकांजवळच नॉनसच नावाचे सुमारे चौदा एकरांचे बेट आहे. तेथे पूर्वी साथीच्या रोग्यांचे रुग्णालय होते, मग शास्त्रज्ञांचे ठाणे झाले, मग वाट चुकलेल्या मुलांची सुधारशाळा. १९४० च्या दशकात बाहेरून आलेल्या किडीने बर्म्युडातील देवदारांसारखी देशी झाडे बहुतेक मारून टाकली आणि नॉनसचही उजाड झाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी विंगेट पत्नीसह या बेटावर राहायला गेले. त्यांनी तेथे हजारो देशी रोपे लावली. १९६६ मध्ये बर्म्युडा सरकारने त्यांना निसर्गरक्षण अधिकारी नेमले. वस्तीपासून दूर त्या बेटावर त्यांनी संसार केला, मुली वाढविल्या. १९७३ मध्ये पत्नी अपघातात गेली. ते खचले असतील. पण काम सुटले नाही.

बेटाचा जुना ताळमेळ परत आणण्यासाठी त्यांनी नाना उद्योग केले. जमिनीवरच्या खेकड्यांना खाणारा बगळ्याच्या जातीचा पक्षी तेथून नाहीसा झाला होता. १९७० च्या दशकात त्याची पिल्ले फ्लॉरिडातून आणून, खेकड्याचे तुकडे भरवून त्यांनी वाढविली, आणि तो पक्षी तेथे स्थिरावला. पण ज्याच्यासाठी हे रान उभे राहत होते तो कहाव नॉनसचवर आला नाही. जेथे जन्मला तेथेच परत जायचे हा त्याचा बाणा. नवे घर कितीही चांगले असले तरी त्याला ठाऊकच नव्हते.

२००० मध्ये विंगेट सेवानिवृत्त झाले तेव्हा कहावच्या जोड्या पन्नासच्या पुढे गेल्या होत्या. अठरावरून पन्नास, चाळीस वर्षांत. काम पूर्वी त्यांच्याबरोबर राबलेल्या जेरेमी मदेरॉस यांच्याकडे आले. श्रोतेहो, संघटनेच्या कामातली कठीण वेळ संपाची नसते, जुना माणूस किल्ल्या खाली ठेवतो ती असते. मी अशा संघटना पाहिल्या आहेत की ज्या एका माणसाबरोबर उभ्या राहिल्या आणि त्याच्याबरोबरच आडव्या झाल्या. कारण हिशेब त्याच्या डोक्यात होता, वहीत नव्हता. येथे वही होती, मोजलेली बिळे होती, वाढलेले रान होते. नव्या माणसाला शून्यापासून आरंभ करावा लागला नाही.

२००३ च्या सप्टेंबरात फॅबियन नावाचे चक्रीवादळ आले आणि समुद्र त्या खडकांवरून गेला. पक्षी त्या वेळी दूर होते म्हणून वाचले, पण कित्येक बिळे उद्ध्वस्त झाली. पक्षी परतायला आठवडे उरले असताना ती दुरुस्त करावी लागली. खडकांवर भरवसा ठेवता येणार नाही हे सर्वांना पटले. मदेरॉस यांनी २००४ पासून पाच मोसम एक उपाय केला. उडण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी, आसपासची खूण मनात ठसण्यापूर्वी, पिल्ले खडकांवरून उचलून नॉनसचच्या नव्या बिळांत ठेवायची, मासे आणि माकूळ हातांनी भरवायचे आणि तेथूनच उडू द्यायची. शंभरावर पिल्ले अशी नेली. त्यांनी उडण्यापूर्वी बाहेर येऊन जे पाहिले ते नॉनसचचे आकाश होते.

आणि मग वाट पाहणे आले. त्यांतले काही पक्षी मोठे होऊन नॉनसचवर परतले, आणि २००९ मध्ये तेथे कहावचे पिल्लू जन्मले; सुमारे चारशे वर्षांनंतरचे पहिले. विंगेट तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. रोपे लावायला लागल्यापासून सत्तेचाळीसएक वर्षे आणि निवृत्तीनंतर नऊ वर्षे झाली होती. २०२२ च्या मोजणीत सर्व मिळून कहावच्या जोड्या दीडशेच्या पुढे भरल्या.

दीडशे जोड्या म्हणजे फार नव्हे. एखाद्या चाळीत याहून जास्त माणसे राहतात. त्या खडकांची धूप चालू आहे, समुद्र चढतो आहे, आणि फळीचे भोक आजही दर वर्षी कोणीतरी तपासावे लागते. हे काम संपलेले नाही; कोणाच्या तरी हातात ते चालू आहे एवढेच.

आपण मोठ्या माणसांची चरित्रे वाचतो तेव्हा त्यांच्या आयुष्यातला मोठा दिवस शोधतो. विंगेट यांच्या आयुष्यात तो दिवस पंधराव्या वर्षीच येऊन गेला. त्या दिवसाच्या आठवणीवर जन्मभर भाषणे देता आली असती. त्यांनी तसे केले नाही. ते दुसऱ्या दिवशी मोजायला गेले, आणि तिसऱ्या दिवशीही. आपल्या गावातही जपण्यासारखे पुष्कळ आहे: तळी आहेत, जुनी झाडे आहेत, वाचनालये आहेत, संघटना आहेत. त्यांच्यासाठी सभा होतात, ठराव होतात. तुम्हांपैकी ज्यांना अशा एखाद्या गोष्टीची कळकळ असेल त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, घरी गेल्यावर एक वही घ्यावी, तिच्यावर आजची तारीख घालावी, आणि जे जपायचे ते आज किती आहे हे मोजून लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी याच दिवसांत पुन्हा मोजावे. आणि ती वही पुढे कोणाच्या हाती द्यायची, हे हात थकण्यापूर्वी ठरवावे.